निजलेल्या पाण्याची आणि धारोजी भोयाच्या वल्ह्याची बखर

श्रीजलाधिपती साक्ष. ज्याचे उदरी सर्व ओघ जातात आणि जो कोणास पावती देत नाही, त्यास नमन करून, शके सोळाशे पंचावन, प्रमादीनाम संवत्सरे, माघमासी जे वर्तले ते लिहिले आहे. लिहिणाराने अर्धे डोळ्यांनी पाहिले, अर्धे पाहणाराच्या तोंडून ऐकिले, आणि दोन्ही अर्धे मिळून एकाहून थोडे अधिक भरले, त्यास इलाज नाही.

एक राज्य होते. नाव पुसू नये. त्या राज्याचे मध्यभागी थोरले तळे, बांध पक्का, मोरी बंद, काठावरून थेंब बाहेर जाणे नाही की आत येणे नाही. आणि पाणी ऐसे निसरडे की एकदा चालते केले म्हणजे थांबावे हे त्यास कोणी शिकविलेच नव्हते. या पाण्याची चाल किती, हे त्या राज्यात कोणी मोजीत नसे, कारण मोजण्याची गरज उरली नव्हती. सत्तर वर्षांमागे त्रिविक्रमशास्त्री म्हणून थोर गणिती ऐन तारुण्यात असता त्यांनी नेम सिद्ध केला, तो येणेंप्रमाणे. तळ्याचे हातभर लांब, हातभर रुंद ऐसे खण कल्पावे. प्रत्येक खणात पाणी शिरते किती आणि निघते किती ते पाहावे. अधिक निघाले तर आत झरा, कमी निघाले तर आत गळती. मग त्याच खणात चार पात्यांचे लाकडी चक्र सोडावे. ते आपले ठायी गरगरले तर तेथे भोवरा. एका खणाचा झरा आणि दुसऱ्या खणाची गळती बेरजेत एकमेकांस खाऊन टाकतील, म्हणून प्रत्येक आकड्याचा वर्ग करावा आणि मग सगळ्या तळ्याची बेरीज घ्यावी. पाण्याची चालही तशीच खणोखण वर्ग करून जमविली, तरी ती झऱ्यांच्या आणि भोवऱ्यांच्या बेरजेच्या साडेतीनपटीहून अधिक कधी भरणार नाही. कमी भरल्यास तक्रार नाही. आणि झरा नाही, भोवरा नाही, तर शून्याची साडेतीनपट शून्य, म्हणोन पाणी निजले आहे ऐसे समजावे.

हा नेम काळ्या शिळेवर कोरून पूर्वेच्या घाटी उभा केला, आणि नेम खरा उतरू लागला तशी लोकांची भक्ती बसली, आणि दरसाल माघात शिळेस तेलाशेंदूर फासावा ऐसा प्रघात पडला. शिळा दरसाल थोडी लठ्ठ होत गेली. मग दोन खाती निघाली. झऱ्यांचे खाते केसोपंत झरेनवीस यांजकडे, भोवऱ्यांचे लिंबाजीपंत भोवरनवीस यांजकडे. दोघेही सचोटीचे. खुंट्यास पडाव म्हणजे सपाट बुडाची होडी बांधून खणोखण बसावे, दिसले ते लिहावे, न दिसले ते लिहू नये. चाल मोजणारे खाते मात्र नव्हते, कारण चाल ही दोघांच्या बेरजेवरून निघत असे, आणि जे हिशेबाने निघते ते डोळ्यांनी पाहणे म्हणजे शास्त्रीबोवांवर अविश्वास दाखविणे, ऐसे दरबारी मानीत.

पुढे महाराजांच्या मातोश्री कैलासवासी जाहल्या. त्यांची इच्छा होती की तळ्याच्या मधोमध तुळशीवृंदावन असावे. महाराज मातृभक्त, तळापासून दगड रचून मोठे बेट उभारण्याची आज्ञा जाहली. दगडाचे तराफे ओढण्याचे काम धारोजी भोई याजकडे, ज्याचे घराणे नऊ पिढ्या त्या तळ्यावर उतारू पलीकडे नेणारी तर चालवीत आले. वृंदावन व्हावयाचे ती जागा डाव्या हातास ठेवून जाणे अशुभ, म्हणून प्रत्येक तराफा प्रदक्षिणेच्याच अंगाने फिरवून आणावा लागे. तीन वर्षे रोज चाळीस तराफे एकाच अंगाने फिरले. तळ्यात पहिल्याने मधोमध मोठा भोवरा उठला, तो लिंबाजीपंतांनी इमानाने लिहिलाही; मग जसजसे बेट वर आले तसतसा भोवरा कमी होत गेला, आणि ज्या दिवशी शेवटचा दगड बसला त्या दिवशी लिंबाजीपंतांनी चक्र सोडिले ते मुळीच गरगरेना. पंतांस आनंद जाहला. वहीत लिहिले, भोवरे शून्य. केसोपंतांनी लिहिले, झरे शून्य, गळती शून्य. सबब पाणी निजले.

परंतु निजलेले पाणी चालत होते. हे प्रथम धारोजीची बायको बायजा हिने जाणिले. पूर्वेच्या घाटावर धुणे धुता तिच्या हातून लुगडे निसटले, ते बेटामागे गेले, आणि दोन घटकांनी दुसऱ्या अंगाने त्याच पायरीस येऊन लागले. आणि नवल हे की जसे गेले तसेच आले, ना पीळ ना गुंडाळा. शेजारीच केसोपंत खुंट्यास पडाव बांधून बसले होते. बायजा म्हणाली, "पंत, लुगडं सबंध तळं हिंडून आलं की वो!" पंत बोलिले, "बाई, पाणी निजले आहे." ती म्हणाली, "निजलंय तर तुमच्या पडावाच्या बुडाशी खळखळ कशाची?" पंतांनी वाकून पाहिले, आणि पडावाखालून पाणी खरेच खळखळत जात होते. पंत म्हणाले, "या खणात जितके शिरते तितकेच निघते. माझे खात्यात यास काही नाव नाही." "आणि लिंबाजीपंतांच्या?" "त्यांचे चक्र फिरत नाही." बायजा म्हणाली, "मग हे पाणी कुणाच्या वहीत चालतंय?" पंत खरे बोलणारे. ते म्हणाले, "कोणाच्याच नाही, म्हणून तर निजले आहे," आणि घरी जाऊन त्यांस जेवण गोड लागले नाही.

ऐसे असता माघोत्सव आला. त्या दिवशी नेमाच्या सन्मानार्थ महाराजांनी तराफ्यावर पूर्वाभिमुख बसावे, तराफ्यास दोर नाही, वल्हे नाही, नांगर नाही, आणि निजल्या पाण्यावर एक घटका स्थिर राहून पूजा सांगावी, ही सत्तर वर्षांची चाल, बेटाच्या कामाने तीन वर्षे खंडलेली. दोर सोडण्याचा मान धारोजीचा. धारोजीने दोर हाती धरूनच अर्ज केला, "सरकार, औंदा दोर ऱ्हाऊ द्या. पानी चालतंय जी." महाराजांनी दोघां नवीसांकडे पाहिले. केसोपंत बोलिले, "झरे शून्य." लिंबाजीपंत बोलिले, "भोवरे शून्य." महाराज हसोन बोलिले, "धारोजी, शून्याची साडेतीनपट किती?" धारोजी म्हणाला, "मला पाढे येत न्हाईत, पर पानी येतंय." सभा हसली. महाराज म्हणाले, "सोड." धारोजीने दोर सोडिला.

मग तराफा हळूहळू निघाला. पहिल्याने कोणाचे ध्यानी आले नाही. मग पुरोहिताने अक्षता टाकिल्या त्या पाण्यात पडल्या, कारण महाराज तेथे नव्हते. तराफा बेटाआड गेला, आणि सभा चित्रासारखी उभी राहिली, आणि दोन घटकांनी महाराज दुसऱ्या अंगाने येते जाहले, तैसेच पूर्वाभिमुख, तैसेच हात जोडिलेले. सर्वांनी मुजरा केला. महाराज ओरडले, "अरे मुजरे काय करता, धरा!" तंववर तराफा पुढे गेला. दिवाणांनी हुकूम लिहावयास कागद घेतला आणि अडले. दफ्तरी पाणी स्थिर, पाण्यावरला तराफा स्थिर, आणि स्थिर वस्तूस थांबविण्याचा हुकूम कोणत्या कलमाने काढावा? या विचारात महाराजांच्या चार फेऱ्या जाहल्या. प्रत्येक फेरीस पूर्वतीरी मुजरा होत असे. पूर्वतीराचे लोक मुखदर्शन होऊन धन्य जाहले. पश्चिमतीराचे लोक मात्र रुष्ट जाहले, कारण तराफा तिकडून जाताना महाराजांचे तोंड पूर्वेसच, त्यांस प्रत्येक वेळी पाठ दिसली. सातव्या फेरीस धारोजीने कोणाचा हुकूम न पुसता होडी घातली, तराफ्याच्या पुढे जाऊन आडवी केली, आणि उन्हाने तांबूस जाहलेले महाराज घाटास आणिले.

ऐसे उपकाराचे काम, परंतु फळ उलटे. दुसरे दिवशी सभा बसली आणि दिवाण बोलिले, "झरा नाही, भोवरा नाही, तेव्हा पाण्याने महाराजांस नेले नाही. तराफ्यास शेवटचा हात लागला तो धारोजीचा. यानेच जाताना लाथ मारिली असावी. आणि आणिलेही यानेच. ज्यास परत आणण्याची वाट ठाऊक, त्यास नेण्याचीही असलीच पाहिजे." धारोजी म्हणाला, "लाथ मारली आस्ती तर सरळ जाऊन पल्याड थडकले आस्ते. सात फेऱ्या घालनारी लाथ माझ्या पायात आस्ती तर मी वल्हं कशापायी मारलं आस्तं?" बोलणे वाजवी होते, परंतु हसण्यावारी गेले. महाराज लाजेने आणि उन्हाने दोन्हीकडून भाजले होते. त्यांनी आज्ञा केली की शुक्रवारी माध्यान्ही धारोजीचे वल्हे घाटावर मोडावे आणि त्याने तळ्याचा काठ सोडून जावे. हे ऐकून धारोजी घरी आला आणि वल्ह्यास तेल लावीत बसला. बायजा म्हणाली, "मोडायच्या वल्ह्याला तेल कशाला?" धारोजी म्हणाला, "नऊ पिढ्या लावत आलो. शुक्कर उद्या न्हाई, परवा हाय." बायजेने डोळ्यांस पदर लाविला, मग पदर खोचिला आणि म्हणाली, "ज्यानं नेम केला तो म्हातारा जित्ता हाय ना? त्याला जाऊन पुसा की."

त्रिविक्रमशास्त्री तेव्हा ब्याण्णव वर्षांचे, पश्चिमतीरी राहत, दृष्टी जाऊन वीस वर्षे जाहली होती. धारोजी होडी घालून गेला, तो ओसरीवर शेजारी बसून शास्त्रीबोवांपाशी गाऱ्हाणे सांगत होते की महाराजांनी आम्हांस सात वेळ पाठ दाखविली, हा अपमान सोसावा कैसा. शास्त्रीबोवा कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "सातही वेळ पाठच? कधी खांदा, कधी कूस, ऐसे काही?" शेजारी म्हणाले, "पाठच. शेंडीच्या गाठीसुद्धा मोजून झाल्या." शास्त्रीबोवा म्हणाले, "म्हणजे फिरले, परंतु वळले नाहीत. गरगरले असते तर तोंड चहूंकडे गेले असते. तेव्हा भोवरा नाही, लिंबाजी खरा." आणि एकाएकी काठी आपटून ओरडले, "मेल्यांनो, माझ्या तळ्यात काही उभे केले आहे काय?" धारोजी पुढे होऊन पाया पडिला आणि म्हणाला, "बेट केलंय जी, बुडापासनं वरपत्तुर." शास्त्रीबोवांनी कपाळास हात लाविला. "तीन वर्षे घण वाजत होते, मी म्हणे कोठे देऊळ होत असेल. तळ्याच्या पोटात भोक पाडितील ऐसे मनीही आले नाही. अरे, नेमाची शेवटची ओळ कोणी वाचीत नाही काय?" धारोजी म्हणाला, "मला कुठलीच ओळ वाचता येत न्हाई, पर शेवटची ओळ तिथं न्हाई. पायथ्याला शेंदूरच हाय." शास्त्रीबोवा म्हणाले, "मज होडीत घाल."

शुक्रवारी माध्यान्ही घाट भरला होता, वल्हे पायरीवर आडवे ठेविले होते, वर घाव घालावयास सुतार उभा होता. तों शास्त्रीबोवा धारोजीच्या खांद्यावर बसून आले. महाराज स्वतः उठोन सामोरे गेले. शास्त्रीबोवा म्हणाले, "महाराज, तराफ्यावर घेरी आली काय?" महाराज म्हणाले, "नाही. लाज आली, घेरी नाही." "येणारही नाही. आता शिळेची शेवटची ओळ वाचून दाखवा." पुजारी आडवा पडिला, "सत्तर वर्षांचा शेंदूर खरवडू देणार नाही, देव कोपेल." शास्त्रीबोवा म्हणाले, "खरवडा कोण म्हणतो? अभ्यंग घाला. देवास ऊन तेल चालत नाही काय?" पुजारी बाजूस सरला. मग ऊन तेलाच्या कढया आल्या आणि बायजेने पदर खोचून शिळेच्या पायथ्याशी तेल जिरविले, आणि शेंदूर नरम जाहला, आणि कवच सुटले. शिळा जणू सोवळे सोडून उभी राहिली. तळाशी ओळ निघाली, ती केसोपंतांनी मोठ्याने वाचिली: "हे सर्व तळ्यात बेट नसता." तीन पिढ्या पंतांच्या घराने ही शिळा पुजिली होती आणि एकानेही शेवटपर्यंत वाचिली नव्हती.

मग दिवाण म्हणाले, "बेट असता काय व्हावे, ते शिळेवर नाही." शास्त्रीबोवा म्हणाले, "नाही, कारण तेव्हा बेट नव्हते आणि मज बाविसाव्या वर्षी वाटे की जगात बेटे थोडी. धारोजी, तीन वर्षे तराफे ओढलेस, तू काय पाहिलेस ते सांग." धारोजी म्हणाला, "म्या बघितलं ते येवढंच, की मधी भोवरा व्हता. आमीच त्यो उठवला. मग त्याच्यावर दगड रचला. भोवरा बेटाखाली पुरला जी. त्यो मेला न्हाई, फकस्त तिथं आता पानी न्हाई म्हनून चक्र सोडाया जागा न्हाई. भाईरचं पानी त्याच्याच सांगन्यावरनं चालतंय." लिंबाजीपंतांस पहिला आनंद ओसरल्यापासून सहा महिने वाटत होते की हरवलेला भोवरा आपल्याच चुकीने हरवला. ते म्हणाले, "म्हणजे माझी वही खोटी नव्हती?" शास्त्रीबोवा म्हणाले, "तुझी खरी, केसोची खरी, धारोजीही खरा. तिघे खरे असून वल्हे मोडावयाची पाळी आली, कारण तिसऱ्यास वही नव्हती."

महाराजांनी पुसले, "तिसरी वही कशाची?" मग शास्त्रीबोवांच्या सांगण्यावरून त्याच माध्यान्ही परीक्षा जाहली. बेटाभोवती पडाव फिरवावा, हाताहातावर पाणी वाटेच्या दिशेने किती ढकलते ते लिहावे आणि एक फेरी पुरी जाहली की बेरीज घ्यावी. धारोजीने पडाव चालविला आणि दोघे नवीस शेजारी शेजारी बसून लिहू लागले, जे सत्तर वर्षांत घडले नव्हते. जवळची फेरी लहान, परंतु पाणी चलाख; मग दूरची फेरी केली, ती लांब, परंतु पाणी आळशी; आणि दोन्ही बेरजा ताडून पाहिल्या तो एकच आकडा, तिळभर अंतर नाही. मग बेट बाहेर ठेवून तळ्याच्या कोपऱ्यात एक फेरी केली, तेथे जितके ढकलिले तितकेच अडविले, बेरीज शून्य. केसोपंतांनी तीन वेळ तपासिले. लिंबाजीपंत म्हणाले, "पंत, हा माझा पुरलेला भोवरा," आणि दोघांनी एकमेकांस पडावातच आलिंगन दिले, तेणेंकरून पडाव कलंडता वाचला. धारोजी म्हणाला, "सांभाळून, न्हाईतर तुमचीच बेरीज करावी लागंल."

मग शास्त्रीबोवांनी सभेत नेम नवा सांगितला: झऱ्यांची बेरीज, भोवऱ्यांची बेरीज आणि प्रत्येक बेटामागे एका फेरीच्या आकड्याचा वर्ग, ही तिन्ही मिळून जे होईल त्याच्या ठरलेल्या पटीहून पाण्याची चाल अधिक भरणार नाही. जितकी बेटे तितक्या फेऱ्या. एकही टाळिली तर नेम लंगडा. महाराजांनी पुसले, "पट साडेतीनच राहील ना? शुभ आहे." शास्त्रीबोवा म्हणाले, "पट तळ्याच्या आकारावर, शुभाशुभावर नाही. आता पावणेपाच." महाराज थोडे हिरमुसले, परंतु त्यांनी कबूल केले. मग स्वतः पायरी उतरून वल्हे उचलिले आणि धारोजीच्या हाती दिले, आणि सर्वांसमक्ष बोलिले, "तुजला आम्ही दोर सोड म्हणालो आणि मग सोडलास म्हणोन दंड केला. हे आमचे हातून वाईट घडले." धारोजी म्हणाला, "सरकार सात फेरं उन्हात बसले, त्यात फिटलं." आणि त्यास फेरीनवीस केले. त्यास लिहिता येत नव्हते. म्हणून महिन्यातून एकदा त्याने वल्हे न मारता बेटाभोवती एक फेरी वाहून यावे, आणि किती पळे लागली ती बायजेने दोरीस गाठी मारून सांगावी, ऐसे ठरले.

पुढले साल आनंदनाम संवत्सर लागले. माघी महाराज तराफ्यावर बसले तेव्हा तराफ्यास दोर होता आणि दोराचे टोक धारोजीच्या मुठीत होते. आणि पश्चिमतीराची समजूत पडावी म्हणून महाराज त्या वर्षी पश्चिमाभिमुख बसले, तेणेंकरून पूर्वतीर रुसले. शिळेच्या शेवटच्या ओळीस शेंदूर लावू नये ऐसा हुकूम होता, तो लोकांनी पाळिला. परंतु लोकांचे हात रिकामे राहत नाहीत. उत्सवास धारोजी घाटावर आला तो त्याचे वल्हे पायरीवर उभे रोविलेले, त्यास माळ घातलेली, आणि टोकापासून अर्ध्यापर्यंत शेंदूर फासलेला. सभोवार लोक हात जोडून उभे. धारोजी कपाळास हात लावून म्हणाला, "आरं, ह्याला शेंदूर लावला तर पानी कशानं मारू?" बायजा घरात गेली आणि तेल तापवावयास ठेविले.

एवं तळे एक, बेट एक, खरे बोलणारे तीन. दोघांच्या वह्यांत जे मावले नाही ते एका फेरीत मिळाले. इतुके वर्तमान जैसे वाहत आले तैसे उतरून घेतले. कमी असल्यास तक्रार नाही, अधिक असल्यास ते पाण्याचे.